शेवटच्या दोन फेऱ्या

तिच्या चष्म्याची काडी मोडली ती दुसऱ्याच्या रागापायी.

बस डेपोत ड्यूटी लावायचं काम तिच्याकडे होतं. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, किती वाजता सुटायचं, मधे विश्रांती कुठे आणि किती, हे सगळं तिच्या तक्त्यावर ठरायचं. त्या दिवशी एकाला लागोपाठ दोन रविवार लागले होते. त्याने तिच्या खिडकीचं दार असं आपटलं की टेबलाच्या कडेला ठेवलेला चष्मा खाली पडला आणि वरून एक जाडजूड रजिस्टर. बिचारा लगेच ओशाळला. "ताई, चुकलंच हं," म्हणत वाकून तुकडे गोळा करून दिले. रविवार मात्र तिने बदलला नाही.

जेवणाच्या सुट्टीत डोळे बारीक करत, अंदाजानेच रस्ता ओलांडत ती समोरच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात शिरली. आतल्या खोलीत काच घासायचं मशीन घरघरत होतं.

"बसा, आलोच!" मशीनच्या वरताण एक आवाज आला.

ती बसली. तिला लांबचं दिसत नसे, पण नाकासमोरचं अगदी लख्ख. आणि नाकासमोर काउंटरवर एक तक्ता पसरलेला होता. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असे रकाने, आणि रकान्यांत 'मा', 'डॉ', 'बु' आणि 'मी'. दुसऱ्याचा कागद वाचू नये हे तिला माहीत होतं. पण तक्ता बघून गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. शेजारी पेन्सिलही होती…

"तुम्ही माझा कागद खोडताय?"

तिने वर पाहिलं. समोर एक उंच, धूसर माणूस उभा होता.

"खोडत नाहीये. दुरुस्त करतेय. या 'मी'ला जिवे मारायचंय का तुम्हाला?"

"का हो?"

"बारापैकी साडेपाच तास याच्याच वाट्याला! आमच्या डेपोत असा तक्ता लावला ना, तर दुसऱ्या दिवशी युनियन माझ्या टेबलावर चढून बसेल. कोण आहे हा 'मी'?"

"मी," तो म्हणाला.

मग त्याने तिचा मोडका चष्मा हातात घेतला आणि बोलत बोलत नवी काडी शोधू लागला. सायकलची रिले शर्यत होती, बारा तासांची. चौघांचा संघ, पण रस्त्यावर एका वेळी एकच. धरणाच्या पाण्याभोवती दहा किलोमीटरची फेरी. सहाच्या ठोक्याआधी ज्यांच्या जास्त फेऱ्या पूर्ण होतील ते पुढे.

"मी जरा दमदार आहे चौघांत," तो म्हणाला. "म्हणून जास्त वेळ."

"मागच्या वर्षीही असंच केलं होतं?"

"हो."

"मग?"

"अकरावे आलो. दहाव्या तासाला मला चक्कर आली आणि मी झुडपात पडलो."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की तिला हसूच फुटलं. तोही हसला असावा. नुसता आवाज आला. मग तो काउंटरला वळसा घालून आला, वाकला आणि त्याने अलगद तिच्या कानांमागे काड्या बसवल्या. आणि तो धूसर माणूस एकदम, वीतभर अंतरावर, स्पष्ट झाला. उन्हाने रापलेलं नाक. हसरे, जरासे थकलेले डोळे. मनगटापर्यंत काळवंडलेले हात, आणि पुढे हातमोज्यांमुळे गोरे राहिलेले पंजे.

"कसं दिसतंय?"

"छान," ती म्हणून गेली. आणि कानशिलं गरम झाल्यावर घाईघाईने म्हणाली, "म्हणजे — रस्ता! रस्ता छान दिसतोय."

"रस्ता तुमच्या मागे आहे," चष्मेवाला गंभीरपणे म्हणाला. "दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही धरणावर सराव करतो. याल?"

"मला सायकल येत नाही."

"तक्ता येतो ना? आम्हाला तोच येत नाही."

गुरुवारी जायचं नाही असं तिने बुधवारी रात्री पक्कं ठरवलं, आणि गुरुवारी साडेपाचला वही, पेन्सिल आणि डेपोतलं स्टॉपवॉच घेऊन ती धरणावर हजर झाली.

संघात चष्मेवाला सोडून तिघं होती. शाळेत कवायत शिकवणारे मास्तर — पन्नाशी उलटलेली, गळ्यात सदैव शिट्टी. त्यांची एकोणीस वर्षांची भाची; ती दिवसभर सायकलवरून गावभर पार्सलं पोचवायची आणि तिला सगळे बुलेट म्हणत. आणि गुरांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्या पिशवीत सायकलच्या पंपाशेजारी गुरांचं थर्मामीटर असायचं.

पहिल्या दिवशी तिने नुसतं पाहिलं आणि लिहून घेतलं. दुसऱ्या गुरुवारी चौघांना कठड्यावर ओळीने बसवलं.

"एकाने दीड-दीड तास ओढायचं हे बंद. सकाळी सगळे ताजे असतात, तेव्हा प्रत्येकी दोन फेऱ्या की लगेच बदली. दुपारी जोड्या. दोघांनी आलटून पालटून एकेक फेरी मारायची, आणि तेवढे दोन तास बाकीच्या दोघांनी आडवं व्हायचं. मग उलट."

"शर्यतीत झोपायचं?" मास्तरांची शिट्टी तोंडातून गळून पडली.

"आडवं व्हायचं. झोप लागली तर उत्तमच. लांबच्या गाडीचा ड्रायव्हर दहा मिनिटं दहा वेळा बसला म्हणून ताजा होत नाही. त्याला एक सलग विश्रांती लागते."

"आणि वाऱ्याचं काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शक्यतो एकट्याने वारा अंगावर घ्यायचा नाही. दुसऱ्या संघातला कुणीतरी पुढे ठेवायचा आणि त्याच्या आडोशाने जायचं. तो बदलीसाठी आत वळला की त्याच फेरीत आपणही वळायचं. म्हणजे आपला नवा माणूस त्यांच्या नव्या माणसाच्या मागे लागेल."

"ही तर लबाडी आहे!" बुलेट खूश होऊन म्हणाली.

"नियमात बसते," ती म्हणाली. "मी वाचलेत."

चष्मेवाला तिच्याकडे बघत होता. तिने वहीत डोकं खुपसलं.

सगळ्यात वाईट होती ती बदली. प्रत्येकाच्या घोट्याला एक पट्टी असायची, फेऱ्या मोजणारी. येणाऱ्याच्या पायातून ती काढायची आणि जाणाऱ्याच्या पायात बांधायची. त्यांना अडतीस सेकंद लागत. म्हणून शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात नुसत्या बदलीचा सराव ठरला. येणाऱ्याने ब्रेक कुठे दाबायचा, पट्टी कुणी ओढायची, जाणाऱ्याने कुठला पाय पुढे ठेवायचा — तिने खडूने जमिनीवर पावलं आखली. एका शनिवारी डॉक्टरीणबाईंना गाईच्या बाळंतपणाला जावं लागलं.

"डॉक्टरीणबाईंच्या जागी तुम्ही उभ्या राहा," चष्मेवाला म्हणाला.

"मी?"

"नुसतं सायकल धरून. पाय पुढे करून."

ती उभी राहिली. तो सायकल झुकवत आला, उतरला, स्वतःच्या घोट्याची पट्टी एका झटक्यात काढली आणि तिच्यापुढे एका गुडघ्यावर बसला. त्याच्या बोटांनी तिच्या घोट्याभोवती पट्टी फिरवली. सायकल दामटून आल्यामुळे त्याचा श्वास जोरात चालला होता. पटांगणात कुठेतरी चिमण्या भांडत होत्या… पट्टी घट्ट बसली होती. तरी त्याची बोटं क्षणभर तिथेच होती.

"किती?" त्याने खालूनच विचारलं.

"काय किती?"

"सेकंद."

तिने हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं. ते तिने सुरूच केलं नव्हतं.

"परत करावं लागेल," ती म्हणाली.

"माझी काही हरकत नाही," तो म्हणाला, आणि मागून मास्तरांनी कारण नसताना शिट्टी वाजवली.

महिन्याभरात अडतीसचे तेरा झाले.

घरी ती आणि बाबा दोघंच. बाबांनी तीस वर्षं बस चालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून तिच्या तक्त्यांत चुका काढणं हा त्यांचा विरंगुळा होता.

"तुझा तक्ता ठीक आहे," एका रात्री ते म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. दमलेल्या माणसाला, दमलास का, असं विचारू नकोस. तो नाहीच म्हणणार. मीही नाहीच म्हणायचो. त्याचे हात बघ."

"बरं."

"आणि कोण आहे तो?"

"कोण कोण?"

"ज्याचं नाव न घेता तू गेले चार आठवडे फक्त त्याच्याबद्दलच बोलतेयस तो."

तिने ताटं उचलली आणि नळ जरा जोरातच सोडला.

शर्यतीला दहा दिवस होते तेव्हाची गोष्ट. पावसाची सर येऊन गेली होती. बाकीचे निघून गेले आणि ती दोघं धरणाच्या भिंतीवर थांबली होती. खाली पाणी शिशासारखं स्थिर. त्याच्या केसांतून अजून थेंब ओघळत होते.

"एक सांगायचंय," चष्मेवाला म्हणाला. "तक्त्यातलं नाही."

तिने वही मिटली. "सांगा."

"एका कंपनीचा सायकलसंघ आहे. त्यांच्याकडे एक जागा आहे. पूर्ण पगार, आणि काम म्हणजे फक्त सायकल चालवणं. त्यांचा मॅनेजर शर्यत बघायला येणार आहे. म्हणाला, शेवटच्या तासात कसा चालवतोस ते बघू." तो पाण्याकडे बघत बोलत होता. "दहा वर्षं या बोलावण्याची वाट बघतोय मी. आता बत्तीस पूर्ण होतील. पुढच्या वर्षी कुणी विचारणारही नाही."

"कुठे आहे हा संघ?"

"अडीचशे किलोमीटर."

डेपोतून तिकडे दिवसाला दोन गाड्या सुटत. साडेपाच तास. हे सगळं तिला नको असताना आठवलं.

"मग शेवटच्या दोन फेऱ्या तुमच्या," ती म्हणाली. वही उघडून तिने तसं लिहिलंही. पेन्सिलीवर इतका जोर पडला की टोकच तुटलं.

"तुम्हाला… काही म्हणायचं नाही?"

"चांगली संधी आहे."

"हो," तो म्हणाला. आणि मग, पडेल आवाजात, "चांगलीच आहे."

शर्यतीच्या दिवशी सहाला शिट्टी झाली आणि पहिले काही तास सगळं तक्त्याबरहुकूम चाललं. इतकं की तिलाच भीती वाटू लागली. संघाच्या तंबूत केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध खुर्चीवर वही घेऊन ती. बुलेट दुसऱ्यांच्या आडोशाने अशी लपत जायची की तिकडचे रायडर मागे वळून ओरडत. डॉक्टरीणबाई चढावर एकेकाला गाठत. बाराच्या सुमाराला ते पाचवे होते.

दुपारी चष्मेवाल्याची आडवं व्हायची पाळी आली. तो सतरंजीवर पडला, पण डोळे टक्क उघडे.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"मिटले की तुम्ही दिसत नाही."

"म्हणूनच मिटा."

"सोप्पं नाहीये ते."

"प्रयत्न करा," ती म्हणाली आणि ओलं फडकं सरळ त्याच्या डोळ्यांवर टाकलं. फडक्याखाली त्याचे ओठ हसत होते. दहा मिनिटांत तो खरंच झोपला, आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने त्याच्याकडे पोटभर बघून घेतलं. निवड झाली की हा जाणार. जावाच. दहा वर्षं वाट बघितलेला माणूस न गेला तर त्याचं त्याला तरी बरं वाटेल का?

तीननंतर वारा सुटला आणि साडेतीनला पाऊस आला. धरणाच्या भिंतीवर पाण्याचे आडवे फटकारे बसू लागले. आणि मास्तरांच्या पोटरीत गोळा आला. एका पायाने पॅडल मारत, दुसरा लोंबकळत, दात-ओठ खात ते कसेबसे बदलीच्या चौकोनात पोचले तेव्हा चार मिनिटं वाया गेली होती.

"मी जातो," चष्मेवाला म्हणाला, आणि तिने काही म्हणायच्या आत पट्टी बांधून निघालाही.

"एकच फेरी!" ती मागून ओरडली. "बुलेटला पाठवते, एकच फेरी!"

एक फेरी झाली. ती चौकोनात हात हलवत उभी होती, शेजारी बुलेट तयार. तो मान खाली घालून तिच्या समोरून तसाच पुढे गेला. दुसऱ्या फेरीलाही. एकटा, कुणाचा आडोसा नाही, सगळा वारा अंगावर घेत. गेलेली चार मिनिटं एकट्यानेच भरून काढायची होती त्याला. पावसात उभ्या उभ्या तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पावसामुळे कुणाला कळलं नाही एवढंच.

तिसऱ्या फेरीअंती, पावणेपाचला, तो आत आला. दोन मिनिटं भरून निघाली होती. डॉक्टरीणबाई दोन फेऱ्यांसाठी निघाल्या. हिशेब सरळ होता. त्या पाच वाजून बावीस मिनिटांनी परत येणार. मग सहाला अडतीस मिनिटं, म्हणजे या पावसात जेमतेम दोन फेऱ्या. तेव्हा ते चौथे होते. तिसऱ्या नंबरवर पिवळ्या टीशर्टवाले, मिनिटभर पुढे. दोन्ही फेऱ्या सहाच्या आत झाल्या तरच काही आशा.

कठड्यापाशी छत्री धरून निळ्या टोपीतला एक माणूस उभा होता. कंपनीचा मॅनेजर.

सव्वापाचला चष्मेवाला उठला आणि हेल्मेटचा पट्टा लावू लागला. पट्टा लागेना. त्याने दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा. ती बघत होती.

"दमलात?" असं तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "हात पुढे करा."

"काय?"

"हात."

त्याने हात पुढे केले. बोटं पानासारखी थरथरत होती.

"थंडीने," तो म्हणाला.

"बुलेट," तिने मान न वळवता हाक मारली, "तयार हो. शेवटच्या दोन्ही फेऱ्या तुझ्या."

ताडपत्रीवर पाऊस तेवढा वाजत होता. बुलेट एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागली. पाय चोळत बसलेले मास्तर म्हणाले, "अगं, पण ती कधी शेवटाला…"

"तो माणूस मला बघायला आलाय," चष्मेवाला हळू आवाजात म्हणाला.

"माहितीये."

"तूच लिहिल्या होत्यास त्या फेऱ्या माझ्या नावावर! तू! आणि आता तूच मला थांबवतेस?"

दोन महिन्यांत त्याने तिला पहिल्यांदा 'तू' म्हटलं, आणि ते असं.

"लिहिल्या होत्या," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही माझं न ऐकता वाऱ्यात दोन फेऱ्या जास्त मारल्या नव्हत्या. बुलेट दोन तास आराम करून बसलीये. तिच्याकडे दोन फेऱ्यांची ताकद आहे, तुमच्याकडे नाही. हा तक्ता चौघांचा आहे. आणि भिंतीपलीकडचं वळण आता साबणासारखं झालंय, तिथे तू पडलास तर… तर मी…"



तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हेल्मेट काढून खाली ठेवलं, तंबूबाहेर गेला, आणि तिला वाटलं, गेला हा. पण तो चौकोनात बुलेटच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता.

"त्या वळणावर ब्रेक आधी दाबायचा," तो बुलेटला सांगत होता. "वळणात नाही. आतल्या बाजूला खडी आहे, मधोमध राहा. आणि भिंतीवर एकटी पडलीस तर घाबरू नकोस, खाली वाकून रेट. जमेल तुला."

डॉक्टरीणबाई आल्या. चष्मेवाल्याने स्वतः वाकून पट्टी फिरवली — अकरा सेकंद — आणि बुलेट सुटली.

पहिली फेरी झाली तेव्हा बुलेट पिवळ्यांच्या वीस सेकंद मागे होती. पिवळ्यांनी आपला सगळ्यात दमदार माणूस ठेवला होता, पण तो सकाळपासून सगळ्यात जास्त दमलेलाही होता. सहाला दोन मिनिटं असताना भिंतीच्या टोकाला एक ठिपका दिसला. पिवळा की आपला लाल टीशर्ट? तिचा चष्मा पावसाने भरला होता.

"कोण आहे? कोण पुढे आहे?" तिने शेजारच्याचा दंड धरला.

"लाल," चष्मेवाला म्हणाला. आणि मग ओरडलाच, "लाल आहे! बुलेट आहे!"

सहाला चौदा सेकंद असताना बुलेटने रेषा ओलांडली. पिवळ्यांचा माणूस सहा वाजून गेल्यावर पोचला. त्याची फेरी धरली गेली नाही. तिसरे! लंगडत नाचणाऱ्या मास्तरांनी इतक्या जोरात शिट्टी फुंकली की पंच दचकून मागे सरकले.

निळी टोपी तंबूकडे आली ती थेट बुलेटपाशी. आधी वय विचारलं, मग पत्ता, मग कार्ड पुढे केलं.

"मामा!" बुलेट किंचाळली. "मामा, हे मला बोलावतायत!"

मॅनेजर चष्मेवाल्याकडे वळून जरा अवघडून म्हणाला, "तुम्हीसुद्धा चांगलं… पण जागा एकच आहे."

"बरोबर निवड केलीत," चष्मेवाला म्हणाला. "ती माझ्यापेक्षा चांगली आहे. नीट सांभाळा तिला." आणि बुलेटच्या चिखलाने भरलेल्या डोक्यावर टपली मारून तो बाहेर गेला.

पाऊस थांबला होता. ढगांच्या खालून तिरपं, पिवळं ऊन आलं होतं. लोक तंबू पाडत होते. चष्मेवाला रस्त्याकडेच्या दगडावर, पाय पसरून बसला होता. ती जवळ गेली, पण बसली नाही.

"मी तुझं नुकसान केलं," ती म्हणाली.

"केलंस," तो म्हणाला. "राग आलाय मला. उगीच नाही कशाला म्हणू. उद्यापर्यंत राहील बहुतेक."

"राहू दे."

"पण तिसऱ्या फेरीत मला समोरचा रस्ता दोन-दोन दिसत होता. चष्मेवाल्याला!" तो स्वतःशीच हसला. "त्या वळणावर मी नक्की पडलो असतो. कुणीच थांबवलं नसतं मला. मागच्या वर्षीही नव्हतं थांबवलं."

आता मात्र ती बसली. ओल्या दगडाचा गारवा अंगात शिरला.

"एक खरं सांगू? ते सांगितल्याशिवाय मला घरी जाता येणार नाही." ती हाताच्या बोटांकडे बघत होती. "तुझे हात बघूनच ठरवलं मी. असं मला वाटतं. पण गेले दहा दिवस रोज रात्री माझ्या मनात यायचं की हा जाऊ नये. मग आज मी नेमकं काय बघितलं… तुझे हात, की मला हवं होतं ते? मला अजूनही खात्री नाहीये."

तो वळून तिच्याकडे बघू लागला.

"हा जाऊ नये, असं वाटत होतं?"

"तेवढंच ऐकलंस तू?"

"त्याच्यापुढचं ऐकूच आलं नाही." मग त्याचा स्वर बदलला. "बुलेटने तिसरा नंबर आणला. मला जमलं नसतं. त्यात शंका नाही, तुलाही ठेवायचं कारण नाही. आणि भिंतीवर त्या दिवशी तू 'चांगली संधी आहे' म्हणालीस ना, तेव्हा जागा मिळायच्या आधीच मला ती नकोशी झाली होती. तरी मिळाली असती तर गेलो असतो, हेही खरं. गेलो असतो, आणि दर रविवारी परत आलो असतो."

"साडेपाच तास लागतात."

"ड्यूटी तूच लावतेस. जरा वेगात जाणारा ड्रायव्हर दिला असतास."

ती हसली, हसता हसता तिने चष्मा काढून ओढणीने पुसला, पण ओढणीही ओलीच. तो उठून उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

"चल."

"कुठे?"

"फेरी मारायला. दोन महिने तू त्या चौकोनातच उभी होतीस. पलीकडून पाणी कसं दिसतं ते तुला माहीतच नाही."

"दहा किलोमीटर? चालत? तुझे पाय—"

"मोडलेत. हळू चालू."

तंबूकडून डॉक्टरीणबाईंनी "अहो, सामान कोण भरणार?" अशी हाक मारली, आणि लगेच मास्तरांचं "राहू द्या हो, राहू द्या" ऐकू आलं. ती दोघं तोवर भिंतीवर पोचली होती. रस्ता ओला आणि मोकळा होता, पाण्यावरून थंड झुळूक येत होती. तो खरंच लंगडत होता. ती त्याच्या चालीने चालू लागली.

"मी आताच बोलून टाकते," ती म्हणाली, "नाहीतर वळण येईल आणि माझा धीर जाईल. मला तू आवडतोस. नुसता आवडत नाहीस… खूप."

तो थांबला. अख्खा दिवस वाऱ्यापावसात न थांबलेला माणूस रस्त्याच्या मधोमध थांबला.

"परत म्हण."

"नाही."

"एकदाच."

"आधी तू म्हण," ती म्हणाली.

त्याने म्हटलं. पाण्यावरून वारा येत होता, त्यामुळे ते तिच्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही. आणि मग एकमेकांचा हात न सोडता ती दोघं पुढच्या वळणाकडे चालू लागली.